प्रकल्प नोंदी: दूध संकलनाची प्रणाली पायथन ३.८ वरून ३.१३ वर

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

ठरलं. संकलन प्रणाली पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.८ आवृत्तीवरून काढायची आणि थेट ३.१३ वर न्यायची. ३.१३ चा पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची प्रत, गुरुवारी, १ तारखेला आला. अंतिम आवृत्तीची तारीख १ ऑक्टोबर दिली आहे. ३.८ चा पाठिंबाही ऑक्टोबरमध्येच संपतोय. त्यानंतर त्यात सुरक्षेचं एखादं भगदाड सापडलं तरी ते कोणी बुजवणार नाही, आणि आपल्या प्रणालीत दूध उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आहेत.

३.१२ वर थांबावं, ती वर्षभर वापरून झालेली आहे, असं बैठकीत एक मत आलं. मला ते पटलं नाही. ३.८ वरून निघायचं तर ३.१२ ला जा नाहीतर ३.१३ ला, कष्ट जवळपास तेवढेच. ३.१३ ला सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळणार आहेत. शिवाय चुका दुरुस्त करण्याचा पूर्ण काळ याच आवृत्तीपासून दीड वर्षाऐवजी दोन वर्षांचा केलाय. माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण वेगळं आहे. कँडिडेटच्या काळात आपण आपला खरा कोड चालवून पाहिला, तर जे सापडेल ते अंतिम आवृत्तीच्या आधी दुरुस्त व्हायला वाव असतो. ही भाषा बनवणाऱ्यांना सांगली-कोल्हापूरकडच्या दूध संस्थेचं बिल कसं निघतं ते कुठून कळणार? ते आपणच चालवून पाहायला हवं.

एक नियम आत्ताच लिहून ठेवतो. दहा दिवसांची बिलं ११, २१ आणि १ तारखेला निघतात. या तारखा आणि त्यांच्या आदला दिवस, या दिवशी कुठल्याही केंद्रावर काहीही बदलायचं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

सगळा कोड आधी ३.१२ वर, सगळे इशारे दाखवायची सोय चालू करून चालवला. थेट कँडिडेटवर गेलो असतो तर काढून टाकलेल्या मॉड्यूलपाशी (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा तुकडा) नुसता इम्पोर्ट, म्हणजे तो मागवणं, फसला असता. ३.१२ मध्ये तेच मॉड्यूल अजून आहे, चालतं, आणि ‘पुढच्या आवृत्तीत मी नसेन’ असं सांगतंही. त्यामुळे एका फेरीत पूर्ण यादी हाती येते.

यादी अशी निघाली. डिस्टयुटिल्स आणि इम्प ही दोन ३.१२ मध्येच गेलेली. कलेक्शन्समधून थेट घेतलेलं मॅपिंग ३.१० मध्ये गेलेलं. आणि ३.१३ मध्ये जाणारी तीन: सीजीआय, टेलनेटलिब, इमेजएचडीआर. ही तिन्ही पेप ५९४ मधली; पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव. ख्रिश्चन हाइम्स आणि ब्रेट कॅनन यांचा हा प्रस्ताव. प्रमाण ग्रंथालयातली, म्हणजे पायथनबरोबरच येणाऱ्या मॉड्यूलांच्या संचातली, जुनाट, कोणी सांभाळत नसलेली मॉड्यूलं ३.११ मध्ये मोडीत निघाल्याचं जाहीर झालं, आणि आता ३.१३ मध्ये १९ मॉड्यूलं एकदम बाहेर पडताहेत.

आमच्यातल्या एकाने विचारलं, चालणारं काढतात कशाला? उत्तर सरळ आहे. प्रमाण ग्रंथालयातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी कोणावर तरी असते. पायथन सांभाळणाऱ्यांतले बरेचजण हे काम स्वतःच्या वेळात करतात. ज्या मॉड्यूलला वाली नाही त्यात भोक सापडलं, तर ते बुजवायलाही कोणी नसतं. नव्या सोयींची घोषणा सगळे वाचतात, पण आवृत्तीची खरी किंमत काढून टाकलेल्या गोष्टींच्या यादीत असते. आपल्यासारख्यांनी ती यादी आधी वाचावी.

१३ ऑगस्ट, मंगळवार

टेलनेटलिब, म्हणजे टेलनेट या जुन्या पद्धतीने दुसऱ्या यंत्राशी बोलणारं मॉड्यूल. आठवड्यातलं सगळ्यात नाजूक काम हेच.

केंद्रावरचा वजनकाटा सिरियल केबलने एका डबीला जोडलेला असतो, आणि ती डबी नेटवर्कवरून वजनाच्या ओळी पाठवत राहते. कॅन काट्यावर ठेवला की ओळी येतात, आकडा स्थिर झाला की तो धरायचा. जुन्या कोडमध्ये टेलनेटलिब अमुक चिन्ह येईपर्यंत वाचत राहायचं आणि स्वच्छ ओळ हातात द्यायचं. वरवर पाहता त्या जागी साधं सॉकेट, म्हणजे थेट नेटवर्क जोडणी, लावलं की झालं.

लावून पाहिलं. एका जातीच्या डबीवर ठीक चाललं. दुसऱ्या जातीच्या डबीवर पहिलीच ओळ बिघडलेली, वजनाच्या आधी विचित्र बाइट. ते छापून बघितले: २५५, २५१, १. ही टेलनेटची बोलणी. २५५ म्हणजे ‘पुढे हुकूम आहे’, २५१ म्हणजे ‘मी हे करेन’, १ म्हणजे एको (आलेलं परत दाखवणं). डबी जोडणी होताच स्वतःची सोय जाहीर करते आणि नकार किंवा होकार मागते. टेलनेटलिब इतकी वर्षं हे तीन बाइट मुकाट्याने गिळून परस्पर नकार कळवत होतं, त्यामुळे आमच्यापर्यंत ते कधी आलेच नव्हते.

आता छोटं फंक्शन लिहिलं. २५५ दिसला की पुढचे दोन बाइट बाजूला काढायचे, त्यांना नकार पाठवायचा, बाकीचे ओळीच्या साठ्यात टाकायचे. जुनं मॉड्यूल तसंच्या तसं देणारं पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर, आहे, ते लावून मोकळं होता आलं असतं. पण वजन हा या धंद्याचा पाया आहे. काट्यापासून बिलापर्यंतची प्रत्येक ओळ आपल्याला समजलेली असावी, असं माझं ठाम मत आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

सीजीआय आणि इमेजएचडीआर दोन्ही संपली. पासबुकाच्या फोटोचा अर्ज सीजीआयच्या फील्डस्टोरेजवर होता, तो मल्टिपार्ट पॅकेजवर नेला. फोटो जेपेग आहे की पीएनजी एवढंच इमेजएचडीआर सांगायचं. फायलीचे पहिले काही बाइट तपासून ते आपणच करतो आता. यात विशेष काही नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

अडचण कोडची नाही, केंद्रांवरच्या संगणकांची आहे. बऱ्याच केंद्रांवर अजून विंडोज ७ आहे. त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. ३.९ पासून विंडोज ७ बाद, आणि ३.१३ ला विंडोज १० किंवा त्यापुढची लागते.

एका संस्थेच्या सचिवांशी बोललो. त्यांचं म्हणणं, “चालतंय की! रोज दोन्ही वेळचं दूध घेतोय, बिघाड नाही, मग कशाला बदलताय?” त्यांचं चूक नाही. संस्थेला संगणकाचा खर्च ताळेबंदात दाखवावा लागतो आणि सभासद वार्षिक सभेत विचारतात. त्यांना एवढंच सांगितलं, “अण्णा, खाते क्रमांक या मशीनवर आहेत, आणि या मशीनच्या दुरुस्त्या येणं केव्हाच बंद झालंय.” त्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मग दिवाळीनंतर बघूया.”

पर्याय म्हणून तोच जुना संगणक ठेवून त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकून बघतोय. फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर दोन्ही त्यावर ओळखले गेले. डेबियन १२ बरोबर पायथन ३.११ येतं, म्हणजे ३.१३ सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतः बांधावं लागणार. ऑल्टइन्स्टॉलच करायचं, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या पायथनला धक्का लागणार नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी, ६ तारखेला, दुसरा कँडिडेट आला. शनिवारी घरोघरी गणपती, त्यामुळे आज उघडून पाहिला. ६ तारखेलाच ३.१२ पासून ३.८ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्याही निघाल्या. त्यातली ३.८.२० ही ३.८ ची अखेरची. आमची प्रणाली या आवृत्तीवर बरीच वर्षं उभी राहिली, तिने कधी दगा दिला नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तुलनेची फेरी. ऑगस्टमधलं एक पूर्ण बिल दोन्हीकडे काढलं, ३.८ वर आणि कँडिडेटवर, आणि निघालेल्या फायली बाइटला बाइट लावून पाहिल्या. रकमा पैशापर्यंत जुळल्या. हिशेब सगळा डेसिमलमध्ये (दशांश अचूक ठेवणाऱ्या प्रकारात) असल्यामुळे तशी अपेक्षा होतीच, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही.

पावत्या मात्र जुळल्या नाहीत. जुन्या पावतीवर ‘सकाळ’ छापलेलं असतं, नव्या पावतीवर ‘सत्र.सकाळ’. कारण लगेच सापडलं. आमच्या कोडमध्ये सत्र नावाचा, स्ट्रिंगवर (मजकुरावर) बसवलेला ईनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, आहे आणि त्याचे घटक सकाळ आणि संध्याकाळ. पायथनमध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे या धंद्यातले शब्द आम्ही कोडमध्ये जसेच्या तसे ठेवलेत. असा ईनम एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या साच्यात, घातला की पूर्वी नुसतं मूल्य यायचं. मधल्या आवृत्त्यांमध्ये हा नियम बदलला, आता ईनमचं नाव आणि घटकाचं नाव दोन्ही येतात. ३.११ पासून स्ट्रईनम नावाचा वेगळा प्रकार याचसाठी दिलाय, त्यावर गेलो की पावती पूर्ववत.

पावतीवर दोन शब्द जास्त आले म्हणून कोणाचे पैसे कमी झाले नसते. पण पहाटे साडेपाचला रांगेत उभी असलेली मावशी ती पावती हातात घेते, नातवाकडून वाचून घेते, आणि त्यावर तिचा विश्वास असतो. कागद जसा होता तसाच राहिला पाहिजे.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. आज वेगाची फेरी.

३.८ पेक्षा सगळं बरंच वेगवान आहे, ते ३.११ मध्ये झालेल्या कामामुळे. त्यात नवल नाही. खटकलं ते वेगळंच. वार्षिक फरकाचं बिल, ज्यात वर्षभराच्या नोंदी एकदम मेमरीत घेतल्या जातात, ते दुसऱ्या कँडिडेटवर ३.१२ पेक्षा हळू चालतंय. पुन्हा पुन्हा चालवलं, तेच. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) बंद करून चालवलं तर फरक नाहीसा होतो. म्हणजे बोट तिकडे दाखवता येतं.

३.१३ मध्ये कलेक्टर नवा आहे, मार्क शॅनन यांनी केलेला. पायथन बहुतेक मेमरी संदर्भ मोजून सोडतं. एकमेकांना धरून बसलेल्या वस्तू तेवढ्या उरतात, त्यांच्यासाठी हा कलेक्टर. जुना कलेक्टर वस्तूंच्या तीन पिढ्या करतो आणि सगळ्यात जुनी पिढी तपासायची वेळ आली की ती आख्खी तपासतो, तेवढा वेळ प्रोग्राम थांबतो. नवा कलेक्टर जुनी पिढी थोडी थोडी करून तपासतो, म्हणजे एकेक थांबा छोटा. कल्पना चांगलीच आहे, पण आमच्यासारख्या कामात, जिथे लाखो नोंदी शेवटपर्यंत जिवंतच असतात, तिथे एकूण तपासणी वाढते असं दिसतंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

केंद्रावरून कार्यालयाच्या सर्व्हरला जोडणी कँडिडेटवर नाकारली जाते. चूक: सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) पडताळणी फसली, ऑथॉरिटी की आयडेंटिफायर नाही.

३.१३ पासून एसएसएलचा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, नेहमीचा कॉन्टेक्स्ट सर्टिफिकेटं कडक नियमाने तपासतो. ज्या किल्लीने सही झाली तिची ओळख सर्टिफिकेटमध्ये लिहिलेली असावी, हा नियम जुनाच आहे, फक्त आतापर्यंत कोणी आग्रह धरत नव्हतं. आमचं आतलं सर्टिफिकेट पूर्वी एका कंत्राटदाराकडून करून घेतलेलं, त्यात ही ओळख नाही.

एका ओळीत तो कडकपणा बंद करता येतो. बंद करायचा नाही, असं ठरवलं. नवं मूळ सर्टिफिकेट सगळ्या विस्तारांसह बनवलं, सर्व्हरचं त्यावरून केलं, आणि दोन्ही मूळ सर्टिफिकेटं काही काळ बरोबर ठेवली, म्हणजे ३.८ वरची केंद्रं अडणार नाहीत. कडक नियमाने आपलं दुबळं सर्टिफिकेट दाखवून दिलं, हे मला या आवृत्तीचं मोठं देणं वाटतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी असूनही लिहितोय, कारण बातमी मोठी आहे. काल अंतिम आवृत्ती यायची होती. तिच्याऐवजी तिसरा कँडिडेट आला. अंतिम आवृत्ती आता सोमवारी, ७ तारखेला.

कारण तोच कलेक्टर. दस्तऐवज बांधणारं स्फिंक्स हे साधन ३.१३ वर चांगलंच हळू झाल्याचं गेल्या आठवड्यात नोंदवलं गेलं. त्यावर चर्चा झाली, आणि रिलीज मॅनेजर थॉमस वाउटर्स यांनी नवा कलेक्टर ३.१३ मधून काढून जुना परत बसवला. पुढच्या आवृत्तीच्या शाखेत नव्यावरचं काम चालूच राहणार आहे.

हे सोपं नव्हतं. तारीख वर्षभर आधी जाहीर झालेली, नवा कलेक्टर अल्फापासून, म्हणजे सुरुवातीच्या चाचणी प्रतींपासून, आत, त्यामागे एका जाणत्या माणसाची मेहनत. अशा वेळी ‘आत्ता जाऊ दे, ३.१३.१ मध्ये बघू’ म्हणणं कोणालाही सुचलं असतं. पण एकदा अंतिम आवृत्ती निघाली की ती लाखो संगणकांवर बसते आणि मग एवढा मोठा तुकडा मागे घेणं अवघड होतं. तारीख आठवडाभर पुढे गेली, पण वर्षानुवर्षं चालणारी आवृत्ती नीट राहिली. मला या निर्णयाचा मनापासून आदर वाटतो.

तिसरा कँडिडेट बांधून वार्षिक फरकाचं बिल चालवलं. वेग ३.१२ इतकाच आला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काल रात्री ३.१३.० आलं. ३.८ चा प्रवासही कालच अधिकृतपणे संपला.

डेबियनच्या जुन्या संगणकावर ऑप्टिमायझेशन चालू ठेवून बांधायला घेतलं. त्यात आधी चाचण्या चालवून मोजमाप होतं आणि मग पुन्हा बांधणी, त्यामुळे वेळ भरपूर लागतो. यापुढे एकाच ठिकाणी बांधून सगळीकडे तीच प्रत न्यायची.

नवा इंटरॅक्टिव्ह प्रॉम्प्ट (ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणारी सोय) पाहिला. पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या रूपाच्या कोडवरून पाब्लो गालिंदो साल्गादो, लुकाश लांगा आणि लिसांद्रोस निकोलाऊ यांनी तो आणलाय. पूर्ण फंक्शन वरच्या बाणाने एकसंध परत येतं, एफ३ दाबून मोठा तुकडा चिकटवता येतो, आणि एक्झिट नुसतं लिहिलं तरी बाहेर पडता येतं. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीने तिच्या सरावाच्या फायलीला रँडम असं नाव दिलं होतं. चूक दाखवणाऱ्या संदेशाने तिला स्वच्छ सांगितलं की हे नाव प्रमाण मॉड्यूलचंच आहे, फायलीचं नाव बदलून बघा. नव्या माणसाचा अख्खा दिवस खाणारी चूक होती ही. अशा एका ओळीसाठी मी मेहनत घेणाऱ्यांचे आभार मानतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच धाग्याला (कामाच्या प्रवाहाला) चालू देणारं कुलूप, त्याशिवायचं पायथन, सॅम ग्रॉस यांच्या पेप ७०३ मधलं, वेगळं बांधून पाहिलं. ३.१३ मध्ये ते प्रायोगिक आहे. आमचं नावांचं शोधकाम रेजेक्स या मजकुरातले नमुने शोधणाऱ्या पॅकेजवर चालतं. प्रमाण आरई मॉड्यूलचा बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘शब्दातलं अक्षर’ या अर्थाची खूण) काना-मात्रांना अक्षरात धरत नाही, ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे तुकडे पाडतो, आणि हे ३.१३ मध्येही तसंच आहे. मराठी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रेजेक्स या बांधणीत लोड करताच ‘जीआयएल पुन्हा चालू केला’ असा इशारा आला, कारण ते पॅकेज या पद्धतीसाठी तयार असल्याचं सांगत नाही. शिवाय एकच धागा असलेलं काम या बांधणीत बरंच हळू होतं. आम्ही प्रत्येक संस्थेचं बिल स्वतंत्र प्रोसेसमध्ये काढतो, तेव्हा आत्ता गरज नाही. पुढच्या आवृत्तीत पुन्हा बघू.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पहिलं केंद्र आज सकाळच्या सत्राला ३.१३ वर गेलं. बिलाच्या तारखांपासून लांबचा दिवस, पाऊसही नव्हता. पहाटे पाचला केंद्रावर हजर होतो. पहिला कॅन, काट्याचा आकडा, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ), दर, पावती. मापाड्याने दोन-चार नोंदी देवनागरी आकड्यांत टाकल्या, कारण त्याच्या कळफलकावर तेच चालू होतं. पायथन ‘४२’ आणि त्याचं इंग्रजी आकड्यांतलं रूप दोन्ही एकच धरतं, ते ३.८ मध्येही होतं, इथेही आहे. सत्र संपल्यावर हाताने लिहिलेल्या वहीशी बेरीज ताडून पाहिली. जुळली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. दिवाळीच्या फरकाची बिलं गेल्या आठवड्यात नव्या प्रणालीवर निघाली, रकमा खात्यांवर जमा. सप्टेंबरमध्ये हळू चाललेलं बिल ते हेच. विंडोज १० असलेली सगळी केंद्रं आता ३.१३ वर आहेत.

५ डिसेंबर, गुरुवार

परवा, ३ तारखेला, ३.१३.१ आलं. चाचणी संचावर बसवलं, ऑगस्टचं बिल पुन्हा ताडून पाहिलं, फरक नाही. १४ तारखेपासून केंद्रांवर नेऊ.

उरलेलं काम: विंडोज ७ ची केंद्रं. दिवाळी झाली, सचिवांनी शब्द पाळला, पहिल्या दोन संस्थांनी डेबियनला होकार दिलाय. वेळ देणारं यूटीसीनाऊ आणि एसक्यूलाइट या डेटाबेसचे तारखांचे जुने अडॅप्टर ३.१२ पासून मोडीत आहेत, ते जानेवारीत बदलायचे. जुनं मूळ सर्टिफिकेट शेवटचं ३.८ केंद्र बंद झालं की काढायचं. ३.१४ चे अल्फा ऑक्टोबरपासून निघताहेत आणि त्याचे रिलीज मॅनेजर ह्यूगो व्हॅन केमेनाडे आहेत. मे महिन्यात बीटा आला की वार्षिक फरकाचं बिल त्यावर सगळ्यात आधी चालवायचं, आणि कलेक्टर चालू व बंद अशा दोन्ही वेळा मोजून आकडे नोंदवून ठेवायचे.